अल्फा चॅनेल

अल्फा चॅनेल : डिजिटल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, त्यांना जोडून ठेवलेला चौथा आकडा म्हणजे अल्फा. त्याला रंग नसतो. हा पिक्सेल खालचं किती झाकतो एवढंच तो सांगतो. आठ बिटांच्या फाइलीत तो ० ते २५५ असतो, ० म्हणजे आरपार आणि २५५ म्हणजे पूर्ण झाकलेलं. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात ती याचीच खूण, त्या फाइलीत नसतात, फक्त स्क्रीनवर दाखवतात (नेटवरून 'ट्रान्सपरंट' म्हणून उतरवलेल्या पुष्कळ फोटोंत त्या चौकटी चक्क रंगवलेल्याच निघतात, ती गोष्ट वेगळी). लेयर कसा घ्यायचा, इरेजर कसा फिरवायचा हे वाचकाला येतंच असं धरून पुढे जातो.

उगम : मूळ कल्पना सिनेमातली. दोन वेगळी चित्रणं एकत्र करायची तर एकाचा काळा-पांढरा साचा, म्हणजे मॅट, काढायचा आणि फिल्मवर फिल्म ठेवून छापायचं, हे मूकपटांच्या काळापासून चालू आहे. फ्रँक विल्यम्सचं ट्रॅव्हलिंग मॅटचं, म्हणजे हलत्या वस्तूबरोबर दर फ्रेमला बदलणाऱ्या मॅटचं, अमेरिकन पेटंट १९१८ चं. कॉम्प्युटरवाल्यांच्या हातात हीच पद्धत आली, चित्र एकीकडे आणि मॅट दुसरीकडे. मॅट वेगळा न ठेवता चित्राच्याच पोटात चौथा चॅनेल म्हणून घालायचा, ही उडी कोणी मारली यावर मात्र लिहिणाऱ्यांचं पूर्ण एकमत नाही. सर्वसाधारणपणे श्रेय अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांना देतात. दोघं तेव्हा न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्राफिक्स लॅबमध्ये होते, आणि काळ १९७० च्या दशकाचा शेवट, बहुतेक १९७७-७८. कॅटमल कडा गुळगुळीत काढायच्या पद्धतीवर काम करत होता, तीच वस्तू वेगवेगळ्या बॅकग्राउंडवर बसवायची तर दर वेळी सगळं पुन्हा रेंडर करावं, म्हणजे कॉम्प्युटरकडून नव्याने काढून घ्यावं लागायचं, आणि त्या कटकटीतून हा चौथा चॅनेल निघाला. ही हकीकत मुख्यतः स्मिथने १९९५ साली लिहिलेल्या टिपणातून येते, म्हणजे सांगणारा स्वतःच एक पक्ष आहे हे लक्षात ठेवायला हवं, तरी ती विश्वासार्ह वाटते. नाव ग्रीक अक्षरावरून, कारण दोन रंगांची मिसळ करायच्या सूत्रात ते अक्षर आधीपासूनच वापरात होतं.

दुसरीकडे ब्रूस वॉलेसने १९८१ मध्ये कार्टून अॅनिमेशनसाठी प्रकाश किती परततो नि किती आरपार जातो या हिशोबातून तेच सूत्र स्वतंत्रपणे काढलं. आणि १९८४ मध्ये लुकासफिल्म या सिनेकंपनीच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांचा निबंध आला, ज्याने या सगळ्याला नीट बीजगणित दिलं. काही ठिकाणी अल्फा पोर्टर-डफनेच शोधला असं लिहिलेलं सापडतं, ते जरा सैल विधान आहे. चॅनेल आधीचा, त्याचं गणित त्यांचं, असं म्हणणं जास्त बरोबर. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही १९९६ मध्ये तांत्रिक पुरस्कार देताना स्मिथ, कॅटमल, पोर्टर, डफ या चौघांची नावं एकत्रच घेतली.

गणित : सूत्र साधं आहे. अल्फा ० ते १ मध्ये धरला तर दिसणारा रंग = अल्फा × वरचा रंग + (१ − अल्फा) × खालचा रंग. यावरून एक गोष्ट लगेच कळते जी नवीन माणसाला चकवते, ५०% चे दोन लेयर एकावर एक ठेवले तर १०० होत नाही, ७५ च होतं, कारण उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं झाकलं जातं. पोर्टर-डफने अशा एकूण बारा क्रिया मांडल्या. रोजचा लेयर म्हणजे त्यातली 'ओव्हर', इरेजर म्हणजे खालच्या चित्रावर चालवलेली 'आउट', आणि क्लिपिंग मास्क किंवा 'लॉक ट्रान्सपरंट पिक्सेल्स' लावून रंगवणं म्हणजे 'अॅटॉप'. मेनूतली नावं बदलली, आतली क्रिया तीच.

खरा वाद पुढे आहे. अर्धवट झाकलेल्या पिक्सेलमध्ये रंगाचा आकडा कुठला लिहायचा? एक पद्धत सरळ, म्हणजे रंग जसाच्या तसा आणि अल्फा शेजारी. दुसरी पद्धत, जी पोर्टर-डफला पसंत होती, रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवायचं, तिला प्रीमल्टिप्लाइड म्हणतात. शुद्ध पांढरा पिक्सेल अर्धा झाकलेला असेल तर सरळ पद्धतीत रंग २५५, गुणलेल्या पद्धतीत १२८. आता गुणलेली फाइल सरळ समजून उघडली तर तो १२८ पुन्हा निम्मा होतो, ६४, आणि गणपतीच्या कटआउटच्या कडेला काळपट रेघ येते. उलट बाजूचा घोळ आणखी कॉमन : पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोतून माणूस कापला, केसाच्या कडेचा पिक्सेल अर्धा काळा केस नि अर्धी भिंत, म्हणून रंग करडा १२८, त्याला अल्फाही अर्धा दिला. खरं तर रंग ० हवा होता, भिंत आधीच वजा करून. हा फोटो काळ्या बॅकग्राउंडवर ठेवला की तिथे ० च्या जागी ६४ दिसतो, म्हणजे डोक्याभोवती ती ओळखीची पांढरट झालर. फोटोशॉपच्या लेयर मेनूतल्या मॅटिंगमध्ये 'डीफ्रिंज', 'रिमूव्ह व्हाइट मॅट', 'रिमूव्ह ब्लॅक मॅट' असतात ते याचसाठी. आधी कुठल्या रंगावरून कापलंय ते माहीत असेल तर शेवटचे दोन चांगले चालतात, पण लोक इरेजर घेऊन कडा खरवडत बसतात.

कोणती पद्धत चांगली? ब्लर करताना, फोटो लहान-मोठा करताना गुणलेलीच बरी, कारण अदृश्य पिक्सेलचा रंग आजूबाजूला सांडत नाही. कॉम्प्युटर ग्राफिक्सचे जाणकार जिम ब्लिनने १९९४ च्या आपल्या लेखांत याच बाजूने जोरदार मांडणी केली आणि रेंडरिंगवाल्यांचा कलही तिकडेच आहे. पण आठ बिटांत तिची किंमत आहे, अल्फा ५ असेल तर रंगाला ० ते ५ एवढ्या सहाच पायऱ्या उरतात, नंतर अल्फा वाढवला तर रंग परत येत नाही. एडिटिंगमध्ये माणूस मन बदलतो, म्हणून साठवायला सरळ आणि हिशोबाला गुणलेली हेच व्यवहारात शहाणपणाचं दिसतं.

आणखी एक भानगड गामाची, म्हणजे फाइलीतला आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश सरळ प्रमाणात नसतात त्याची. ० आणि २५५ ची अर्धी-अर्धी मिसळ १२८ येते, पण एसआरजीबीमध्ये (स्क्रीन आणि वेबवरची नेहमीची रंगपद्धत) १२८ म्हणजे प्रकाशाच्या हिशोबात जेमतेम २२%. खरा अर्धा प्रकाश १८८ च्या आसपास. त्यामुळे मऊ कडा गडद होतात. गिंपने २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून नेहमीचा लेयर प्रकाशाच्या हिशोबाने मिसळायला घेतला, फोटोशॉपमध्ये कलर सेटिंगमध्ये गामा १.० ची खूण करता येते पण ती करणारे थोडे.

फॉरमॅट : जिफमध्ये १९८९ च्या सुधारणेत पॅलेटमधला (फाइलीतल्या ठरावीक रंगांच्या यादीतला) एक रंग पारदर्शक ठरवता येऊ लागला, म्हणजे आहे किंवा नाही, मधलं काही नाही, म्हणून कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. जिफमागच्या कॉम्प्रेशनच्या पेटंटवरून १९९४ च्या शेवटी बोंब झाली आणि त्यातून पीएनजी जन्माला आला, त्याचं स्पेसिफिकेशन ऑक्टोबर १९९६ चं. त्यात पूर्ण अल्फा आहे आणि तो सरळ पद्धतीचाच. टिफमध्ये दोन्ही चालतात, फाइलीत कुठली ते लिहून ठेवायची सोय आहे, सगळी सॉफ्टवेअर ते वाचतात असं नाही. वेबवर पीएनजी रुळायला फार वेळ लागला कारण इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला अर्धवट पारदर्शकता कळतच नव्हती, २००६ च्या सातव्या आवृत्तीत ती आली. जेपेगच्या नेहमीच्या फाइलीत अल्फा नाहीच. म्हणून पारदर्शक फोटो जेपीजी केला की मागे पांढरं किंवा काळं भरलं जातं. वेबपी आणि एव्हीआयएफमध्ये अल्फा आहे.

सॉफ्टवेअरमध्ये : फोटोशॉप १९९० चं, पण त्यात लेयर आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. तोपर्यंत 'अल्फा चॅनेल' म्हणजे सेव्ह करून ठेवलेलं सिलेक्शन, आणि तो अर्थ चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये आजही शिल्लक आहे. म्हणजे फोटोशॉपमध्ये लेयरची पारदर्शकता एक आणि अल्फा चॅनेल वेगळाच. या दोन अर्थांची टक्कर २००२ मध्ये सातव्या आवृत्तीत झाली, टार्गा (गेमवाल्यांत चालणारा एक फोटो फॉरमॅट) फाइलीचा अल्फा एकदम लेयरच्या पारदर्शकतेतून घ्यायला लागले, गेम बनवणाऱ्यांची सगळी कामं बिघडली आणि ७.०.१ मध्ये जुनी पद्धत परत आणावी लागली. क्विक मास्कचा (सिलेक्शन ब्रशने रंगवून ठरवायची सोय) लाल थरही जुन्याच कामाचा, छपाईत निगेटिव्हवर झाकण म्हणून लावायची लाल रूबिलिथ फिल्म असायची, तिची नक्कल.

गिंपमध्ये जेपीजी उघडून खोडलं की पारदर्शक न होता बॅकग्राउंडचा रंग येतो, कारण लेयरला अल्फाच नसतो, लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीमध्ये जाऊन 'अॅड अल्फा चॅनेल' करावं लागतं. इथे एक सावधगिरी : खोडलेल्या पिक्सेलचा अल्फा शून्य होतो, रंग तसाच खाली राहू शकतो, आणि पीएनजी एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग ठेवायची खूण चालू असेल तर तो फाइलीत जातो. पत्ता, खाते नंबर असलं काही लपवायचं असेल तर खोडू नये, वर घट्ट रंग भरून फ्लॅटन करावं.

छपाई : छपाईच्या पीडीएफमध्ये पारदर्शकता आली १.४ आवृत्तीत, २००१ साली. पीडीएफ-एक्स-१ए मध्ये (पीडीएफ-एक्स ही छपाईसाठी ठरवलेली पीडीएफची प्रमाणं) ती चालत नाही, सपाट करावी लागते, आणि त्यात स्क्रीनवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात ज्या बहुतेक वेळा छापून येत नाहीत. एक्स-४ मध्ये ती जिवंत ठेवता येते.

आपल्याकडच्या फ्लेक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानांत काम बहुतेक कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये. गिऱ्हाईक लोगो जेपीजी आणतं, रंगीत बॅनरवर त्याच्या मागे पांढरा डबा दिसतो. घाईत असेल तर लोगोला मल्टिप्लाय (वरच्या नि खालच्या रंगाचा गुणाकार करणारा मोड) लावतात, पांढरा रंग गुणाकारात १ धरला जातो म्हणून नाहीसा होतो, पण लोगोचे रंगही खालच्या रंगात मिसळून बदलतात, फिक्या बॅकग्राउंडवरच हे खपतं. आणि पीएनजी व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो जेपीजी होऊन पोचतो, पारदर्शकता जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणूनच मागवावा लागतो. त्याच व्हॉट्सअॅपचे स्टिकर मात्र ५१२ × ५१२ पिक्सेलच्या वेबपी फाइली असतात आणि त्यांत अल्फा शाबूत राहतो.