ग्रीनथम

न्यूयॉर्क शहरातील सामुदायिक बागांना साहाय्य करणारे महापालिकेचे कार्यालय. स्थापना १९७८. १९९५ पासून ते शहराच्या उद्यान विभागात आहे आणि साडेपाचशेच्या आसपास बागा त्याच्याशी जोडलेल्या आहेत. या बागा कार्यालयाचे नोकर राखत नाहीत. वाफ्यांची वाटणी, फाटकाची किल्ली, पाणी घालण्याच्या पाळ्या आणि आपसातली भांडणे हे सारे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनीच निभवायचे असते. जमिनीचा परवाना, माती, लाकूड, अवजारे, पाण्याची सोय आणि प्रशिक्षण या बाजू कार्यालय सांभाळते.

याची सुरुवात शहराच्या पडत्या काळात झाली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. कर थकवून मालक इमारती सोडून जात होते. जळालेल्या, पाडलेल्या घरांच्या जागा शहराच्या नावावर चढत होत्या आणि त्यांवर राडारोडा साचत होता. मॅनहॅटनमधील बाउरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक भूखंड लिझ ख्रिस्टी आणि ‘ग्रीन गरिलाज’ या मंडळींनी १९७३ मध्ये साफ करायला घेतला. पुढच्या वर्षी शहराने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला. गल्लोगल्ली असे गट उभे राहू लागले, तेव्हा त्यांच्याशी व्यवहार करायला एक ठिकाण हवे झाले. ते म्हणजे ग्रीनथम.

मदतीतली पहिली वस्तू माती आहे, आणि त्याला कारण आहे. पाडलेल्या घरांच्या जागेत विटांचे तुकडे, काचा आणि जुन्या रंगातले शिसे मिसळलेले असते. अशा जमिनीत पालेभाजी लावणे धोक्याचे. म्हणून फळ्यांची चौकट ठोकून तिच्यात बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरतात व त्या उंच वाफ्यात लागवड करतात. फळ्या आणि माती दोन्ही कार्यालयाकडून मिळतात. पाण्याची गोष्टही अशीच. पुष्कळ बागांना स्वतःचा नळ नसतो. त्या पदपथावरच्या, अग्निशमनासाठी असलेल्या हायड्रंटवर अवलंबून असतात. त्याचा परवाना कार्यालय काढून देते. मग उन्हाळ्यात कोणीतरी पाना लावून हायड्रंट उघडतो, पदपथ ओलांडून बागेपर्यंत नळी टाकतो आणि पिंपे भरून घेतो. परवाना नसेल तर भर उन्हाळ्यात रोपे वाळतात. एका कागदाचे मोल इतके असू शकते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

मोबदल्यात काही अटी असतात. बाग ठरावीक वेळ सर्वांना खुली ठेवावी लागते, तिच्या वेळा फाटकावर लावाव्या लागतात आणि नव्या माणसाला सभासदत्वाची वाट मोकळी ठेवावी लागते. जमीन सार्वजनिक असल्याने ही अट रास्तच आहे. मूठभर जुन्या सभासदांनी कुलूप लावून बसावे, हे तिला शोभणार नाही. बांधकामावरही नियम आहेत. प्वेर्तो रिकोहून आलेल्या लोकांनी आपल्या बागांत ‘कासिता’ म्हणजे छोटी लाकडी घरे उभारली. तिथे गाणे-बजावणे आणि गप्पा रंगतात. सुरक्षेचे नियम आणि अशी जिव्हाळ्याची जागा यांचा मेळ घालणे हे कार्यालयाचे नाजूक काम आहे.

तरी सर्वांत मोठा प्रश्न जमिनीचाच राहिला. जागांचे भाव वाढले, तेव्हा महापौर रूडी जुलियानी यांच्या प्रशासनाने १९९९ मध्ये शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. मोर्चे निघाले, न्यायालयात दावे गेले. अखेर लिलावाच्या तोंडावर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या संस्थांनी त्या सुमारे ४२ लाख डॉलरना विकत घेतल्या. बागा राखणाऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षांचे श्रम होते, पण मालकी नव्हती. आणि त्यांना आधार देणारे कार्यालय ज्या शहराचे, तेच शहर जमीन विकत होते.

२००२ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात राज्याच्या महाधिवक्त्यांशी समझोता झाला. त्यानुसार बहुसंख्य बागा राखल्या गेल्या व काही जागा घरबांधणीसाठी ठेवल्या गेल्या. बांधकामासाठी बाग हलवायची झाल्यास गटाला आधी कळवावे आणि जवळपास दुसरी मोकळी जागा असेल तर ती देऊ करावी, अशी तरतूदही झाली.