मस्तानीवरचा तो गोळा बटाट्याचा?

पुण्यात मस्तानीचा, म्हणजे वर आईस्क्रीमचा गोळा असलेल्या घट्ट मिल्कशेकचा, चकचकीत फोटो दिसला की कुणीतरी म्हणतंच, "तो गोळा उकडलेल्या बटाट्याचा! जाहिरातीत सगळंच खोटं." हे अर्धंच खरं. दिव्यांखाली आईस्क्रीम वितळतं, म्हणून वनस्पती तूप, पिठीसाखर, कॉर्न सिरप मळून गोळा करतात. स्कूप ओढला की कडेला तशीच खरबरीत झालर येते. बर्फही बरेचदा अ‍ॅक्रिलिकचा, ग्लासावरचे थेंब ग्लिसरीनचे. पण आईस्क्रीमच विकायचं असेल, तर सहसा खरंच लावतात. नकली फक्त प्रकाशयोजनेपुरतं. आमच्या क्रीमने सँडपेपरही भादरता येतो, असं दाखवताना वाळू चिकटवलेलं प्लेक्सिग्लास (पारदर्शक प्लास्टिक) सँडपेपर म्हणून खपवणारी शेव्हिंग क्रीमची जाहिरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली फसवी ठरवली. गंमत म्हणजे त्याच निकालात बटाट्याच्या आईस्क्रीमचाही विषय आहे: नुसता देखावा असेल तर चालतं, मालाच्या गुणाचा पुरावा म्हणून नाही.