पार्श्वभूमी: सॉफ्टबॉक्सच्या काड्या आणि ‘पॅराबोलिक’ नावाचा घोळ

पोर्ट्रेटसाठी नवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, घेणारा आज पहिल्यांदा विचारतो, साधा ऑक्टा (आठ कोनांचा) घ्यावा की पॅराबोलिक? १९९० च्या दशकात हाच माणूस ‘केवढा घ्यावा’ असं विचारायचा. प्रश्न मापावरून आकाराच्या नावावर कसा सरकला, यामागे कापड आहे, काड्या आहेत, एक माउंट, म्हणजे बॉक्स दिव्याला अडकवायची जोडणी, आहे आणि भूमितीतून उचललेला एक शब्द आहे. त्या शब्दाबद्दल जरा जास्तच लिहावं लागणार आहे.

विजेचा दिवा येण्याआधी खिडकी हाच मॉडिफायर, म्हणजे उजेडाला वळण देणारं साधन, होता. १८३९ नंतरच्या डॅगेरोटाइपच्या आणि पुढे ओल्या प्लेटच्या काळात युरोप-अमेरिकेतले स्टुडिओ इमारतीच्या वरच्या मजल्यावर असत. उत्तरेकडे तिरकं काचेचं छत आणि त्याखाली दोरीने ओढायचे पडदे. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड बऱ्यापैकी एकसारखा राही. कोणता पडदा ओढायचा आणि कोणता उघडा ठेवायचा यातच सगळं कसब होतं. आपण स्ट्रिपबॉक्स (लांबट सॉफ्टबॉक्स), ग्रिड (झोत आवरणारी जाळी) आणि फ्लॅग (उजेड अडवणारं काळं कापड) लावून जे करतो, तेच ते पडदे करत.

कृत्रिम प्रकाश आला तो आधी कडक आला. १८८७ मध्ये मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर, १९२९-३० च्या सुमारास फ्लॅशबल्ब, आणि १९३० च्या दशकात सिनेमाच्या स्टुडिओंतले फ्रेनेल भिंगाचे मोठे दिवे. फिल्म मंद होती, तिला भरपूर उजेड लागे. दिव्यापुढे कापड धरून स्टॉप-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) घालवणं परवडत नसे. शिवाय हजार वॉटच्या टंगस्टन दिव्याभोवती कापडाची बंद पेटी बांधणं म्हणजे आगीला आमंत्रण. तारे-तारकांची ती जुनी पोर्ट्रेट आठवा: दिवा समोरून उंच, नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली, गालाच्या हाडाखाली धारदार उतार. ब्यूटी डिश, म्हणजे मध्ये तबकडी असलेली उथळ वाटी, आपण अजूनही बहुधा त्याच जागी लावतो.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश स्टुडिओत रुळला तेव्हा हे गणित बदललं. उष्णता फक्त मॉडेलिंग लॅम्पची, म्हणजे उजेड कुठे पडेल ते आधी दाखवणाऱ्या छोट्या दिव्याची, उरली. १९६० च्या दशकात छत्री आली. स्वस्त, हलकी, झटकन उघडणारी, पण उजेड खोलीभर उधळणारी. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत छत्री लावली की सावलीची बाजूही भिंतीवरून परत उजळते आणि चेहरा सपाट होतो. मोठ्या स्टुडिओंनी त्यावर पेटीचा उपाय काढला. दिव्याभोवती लाकूड किंवा पत्रा, पुढे दुधाळ ॲक्रिलिक. लंडनकडे यातल्या मोठ्या पेटीला गमतीने ‘स्विमिंग पूल’ म्हणत. ती एकदा टांगली की हलवायला दोन माणसं लागत, म्हणून मग मॉडेललाच हलवत.

१९८० च्या आसपास या पेटीला तंबूची युक्ती मिळाली. काळं नायलॉन, आतून चंदेरी लेप, चार कोपऱ्यांत लवचिक काड्या, आणि त्या काड्या खोचायला मध्ये स्पीड रिंग. आज आपण ज्याला सॉफ्टबॉक्स म्हणतो तो इथे जन्मला. आतला बॅफल (उजेड पसरवणारं आतलं कापड), बाहेरचं पांढरं कापड, कडेला पुढे आलेली पट्टी आणि त्यावर वेल्क्रोने बसणारी ग्रिड ही रचना तेव्हापासून मुळात तीच आहे. आयताकृतीचे पुढे आठ कोन झाले, लांबट पट्टे झाले. आठ काड्या कोपरापर्यंत जोर लावून रिंगमध्ये बसवताना बोटं चिमटलेल्या पिढीने पुढच्या सोळा काड्या बघितल्यावर काय म्हटलं असेल, ते इथे छापण्यासारखं नाही. सुदैवाने तोवर छत्रीसारखा खटका असलेले सांगाडे आले.

आता तो शब्द.

शाळेच्या भूमितीत ज्याला अन्वस्त म्हणायचो, तो वक्र म्हणजे पॅराबोला. त्याची खासियत एकच: नाभीवर ठेवलेल्या बिंदूतून निघालेले किरण आतल्या पृष्ठभागावर आपटून एकमेकांना समांतर बाहेर पडतात. गाडीचा जुना हेडलाइट आणि सर्चलाइट याच तत्त्वावर चालतात. हेच फोटोग्राफीसाठी प्रचंड आकारात करून बघणारे जर्मन कारागीर १९८० च्या दशकात पुढे आले. त्यांच्या त्या महाकाय चंदेरी छत्रीत पुढे कापड नव्हतं. मधल्या दांड्यावर फ्लॅश हेड (फ्लॅशचा दिवा) उलटं, म्हणजे छत्रीच्या तळाकडे तोंड करून बसवलेलं, आणि दांड्यावरून मागे-पुढे सरकवता येणारं. हेड सरकवलं की झोत आवळतो किंवा पसरतो. चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मोठ्या स्रोताचा असूनही त्यात एक कुरकुरीतपणा असतो, त्वचेवर चमक राहते. फॅशनवाल्यांनी तो उचलला. किंमत आणि वजन दोन्ही अशी की बहुतेकांनी ती छत्री भाड्यानेच वापरली.

इथवर शब्द बरोबर होता. २०१० नंतर सोळा काड्यांचे खोल सॉफ्टबॉक्स स्वस्तात निघू लागले आणि त्यांच्या खोक्यावर तोच शब्द छापला गेला.

थोडं मोजून पाहू. १२० सेंटिमीटर व्यासाचा आणि ६० सेंटिमीटर खोलीचा अचूक अन्वस्त धरला, तर नाभी किती अंतरावर येते? व्यासाच्या वर्गाला सोळा आणि खोली यांच्या गुणाकाराने भागायचं. १४,४०० भागिले ९६०, म्हणजे तळापासून १५ सेंटिमीटर. नेहमीच्या हेडची ट्यूब स्पीड रिंगच्या पुढे इतकी येतच नाही. ती नाभीच्या बरीच मागे राहते, आणि तिचं तोंड बाहेरच्या दिशेला असतं. म्हणजे बराचसा उजेड चंदेरी कापडाला न शिवता थेट पुढे निघून जातो. उरलेला आपटतो, पण चुकीच्या जागेवरून. त्यात दोन काड्यांमध्ये ताणलेलं कापड आडव्या दिशेने सपाटच राहतं, त्यामुळे गुळगुळीत वाडग्याऐवजी सोळा पाकळ्या मिळतात. एवढं सगळं झाल्यावर आपण त्यावर बॅफल लावतो, मग पुढचं कापड लावतो. कापडातून बाहेर पडणाऱ्या किरणाला आपण आत समांतर होतो की नव्हतो याची आठवण राहत नाही.

विक्रेत्यांची बाजूही सांगायला हवी. खोल बॉक्सचा उपयोग खरा आहे. ट्यूब आणि पुढचं कापड यांत अंतर वाढलं की मधला हॉट स्पॉट, म्हणजे जास्त उजळ डाग, मवाळ होतो आणि कापड कडेपर्यंत एकसारखं उजळतं. कापड आत बसवलेलं असेल तर पुढे आलेली कड झोतही थोडा आवरते. दोन्ही कापडं काढून, हेड उलटं धरणारा फोकसिंग दांडा लावला तर सोळा काड्यांचा बॉक्सही बऱ्यापैकी त्या जुन्या छत्रीसारखा वागतो. तक्रार नावाबद्दल आहे. ‘खोल ऑक्टा’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. अर्थात सोळा बाजूंच्या वस्तूला ऑक्टा म्हणणारे आपणही काही भूमितीचे फार सोवळे नाही.

शंका असेल तर पडताळा घरच्या घरी घेता येतो. बॉक्सच्या अगदी समोर उभं राहून, लेन्सचं छिद्र अगदी लहान करून, कापड करडं दिसेल इतका अंडरएक्स्पोज, म्हणजे काळपट, फोटो काढा. मध्ये पांढरा डाग आणि कडेला अंधार आला, तर खोक्यावर १२० लिहिलेला तुमचा बॉक्स प्रत्यक्षात ८० चंच काम करतोय. आणि चेहऱ्याचा फोटो असेल तर डोळा मोठा करून बघा. कापड लावलेल्या कुठल्याही गोल बॉक्सचा कॅचलाइट, म्हणजे डोळ्यातलं दिव्याचं प्रतिबिंब, ही साधी पांढरी टिकली असते. कापडाशिवाय खऱ्या फोकसिंग छत्रीचा कॅचलाइट ओळखू येतो: बुबुळात प्रत्येक पाकळीचा वेगळा ठिपका, आणि मध्ये हेडची काळी सावली. ब्यूटी डिशचा कॅचलाइट मेदूवड्यासारखा, मधल्या तबकडीमुळे.

या सगळ्या गोंधळात मूळ प्रश्न, केवढा आणि किती लांब, मागे पडला. सावलीच्या कडेचा मऊपणा ठरतो तो चेहऱ्याच्या जागेवरून बॉक्स किती मोठा दिसतो यावरून. ६० चा बॉक्स ६० सेंटिमीटरवर आणि १२० चा १२० वर ठेवला, तर कड जवळपास सारखीच येते. फरक पडतो तो उताराचा, म्हणजे अंतरागणिक उजेड किती झपाट्याने कमी होतो याचा. नाकापेक्षा कान १५ सेंटिमीटर मागे धरला, तर ढोबळमानाने पहिल्या मांडणीत कानावर सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप कमी, दुसऱ्यात एक-तृतीयांश. पार्श्वभूमीवरचा फरक त्याहून मोठा. लहान बॉक्स जवळ आणणं आणि मोठा बॉक्स लांब नेणं ही दोन वेगळी चित्रं आहेत, आणि खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी ती तशीच राहतात.

स्वस्त बॉक्सचा पूर आला त्याला माउंट कारणीभूत झाला. पूर्वी प्रत्येक कंपनीची रिंग निराळी. एकाचा बॉक्स दुसऱ्याच्या हेडला लावायचा तर अडॅप्टर शोधा. तीन दातांचा, फिरवून अडकणारा एस-माउंट एका ब्रिटिश कंपनीचा. तो नकलायला सोपा होता आणि इतरांनी मुक्तपणे नकलला. सगळे त्याला त्या कंपनीच्या नावाने बोवेन्सच म्हणतात. ती मूळ कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तोवर तिचं माउंट सगळ्यांचं झालं होतं.

त्यानंतरच्या एलईडी दिव्यांनी तेच माउंट जसंच्या तसं घेतलं. त्यांचा स्रोत ट्यूबसारखा पुढे आलेला नसतो. तो सपाट, रिंगच्या पातळीत किंवा किंचित आत, आणि फक्त समोर उजेड फेकणारा. त्यामुळे खोल बॉक्सच्या मागच्या निम्म्या चंदेरी कापडावर उजेड फारसा पडतच नाही, आणि पॅराबोलिक शब्दाचा उरलासुरला आधारही जातो. एलईडीवाल्यांना प्रत्यक्षात भेडसावणारी अडचण मात्र वजनाची आहे. खोल बॉक्सचा भार सगळा पुढच्या टोकाला येतो. माझ्याकडच्या एका दिव्याची मान शूट चालू असतानाच इंच-इंच खाली झुकत गेली, आणि शेवटच्या वीस फोटोंत कॅचलाइट बुबुळाच्या वरून मध्यावर उतरलेला दिसतो. म्हणून आता काही मोठ्या बॉक्सच्या रिंगलाच स्टँडचा कंस येतो: बॉक्स स्टँडवर बसतो आणि दिवा मागून त्याला लटकतो.