निर्गमकथेतून ख्रिस्ती जीवनबोध

मिसर (इजिप्त) देशातल्या दास्यातून इस्राएल लोकांची झालेली सुटका, म्हणजेच बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातली कथा, ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या जीवनाची कथा म्हणून वाचावी, ही परंपरा ख्रिस्ती मंडळीइतकीच जुनी आहे. कथा मुळात यहुद्यांची. वल्हांडणाच्या, म्हणजे या सुटकेच्या सणाच्या, रात्री प्रत्येक पिढीने ‘आपणच मिसरातून बाहेर पडलो’ असे मानायचे असते. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते, त्यामुळे ही रीत त्यांच्याबरोबरच मंडळीत आली.

या वाचनाचा पाया प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, १० व्या अध्यायात सापडतो. समुद्रातून पार होणे हा बाप्तिस्मा, मान्ना (रानात देवाने दिलेले अन्न) हे आध्यात्मिक अन्न आणि पाणी देणारा खडक म्हणजे ख्रिस्त, असे तो सांगतो. पण लगेच त्याचा सूर बदलतो. समुद्र ओलांडलेल्यांपैकी बहुतेक जण रानातच पडले. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि कुरकुर त्यांना भोवली. हे सारे आपल्यासाठी नमुना आहे, असे पौल बजावतो. आपल्या प्रवचनांत दुभंगलेला समुद्र रंगवून सांगितला जातो आणि चाळीस वर्षांचे रान दोन वाक्यांत आटोपते. पौलाचा भर मात्र रानावर आहे.

रानातल्या कथांत मान्नाची कथा (निर्गम १६) सर्वांत समृद्ध. प्रत्येकाने दररोज माणशी एक ओमर (एक जुने माप) मान्ना गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, कारण शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवशी, तो मिळत नसे. ‘रोजची भाकर आज दे’ या प्रार्थनेशी याचे नाते सहज जुळते. पण ज्याने जास्त गोळा केला त्याचे उरले नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडले नाही, हा तपशील पौलाने यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना वापरला (२ करिंथ ८). म्हणजे बोध एकट्याच्या विश्वासापुरता नाही, वाटून घेण्याचाही आहे.

शास्त्यांच्या, म्हणजे पुढे कनानात इस्राएलाचे नेतृत्व करणाऱ्यांच्या, काळातल्या सुटका जपून वाचाव्या लागतात. गिदोन या शास्त्याचे ३२ हजार लढवय्ये ३०० वर आणले गेले, ते विजय देवाचा आहे हे कळावे म्हणून. इफ्ताह या दुसऱ्या शास्त्याचे नाव इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासवंतांत येते, पण मुलीचा बळी देणाऱ्या त्याच्या नवसाचे अनुकरण कोणी करू नये.

रोमन कॅथलिक ईस्टर जागरणात निर्गमाच्या १४ व्या अध्यायातले वाचन कधीच वगळले जात नाही. गोव्यात १६१६ मध्ये छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या करारातल्या कथांचा आहे, त्या मराठी ओव्यांत आल्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांनी तर कथा शब्दशः घेतली: फारो (मिसरचा राजा) म्हणजे मालक, आणि गुलामांना पळवून उत्तरेला नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांना लोक इस्राएलांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या नेत्याच्या नावाने ‘मोशे’ म्हणत. भारतीय ईश्वरविद्येचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातली, देवाने आपल्याला मिसरातून सोडवले ही इस्राएलांची कबुली दलित ख्रिस्ती ईश्वरविद्येचा आधार म्हणून घेतली. याच दशकाच्या शेवटी, १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या ओसेज जमातीचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी विचारले, की या कथेत कनानी लोकांचे, म्हणजे इस्राएलांनी जिंकलेल्या देशातल्या मूळ रहिवाशांचे काय? त्यांची भूमी गेली, तीच आपल्या लोकांची गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. निर्गमावर प्रवचन करणाऱ्याने म्हणून कनान जिंकल्याची कथा सांगणारे यहोशवाचे पुस्तकही शेजारी उघडे ठेवावे.