लाळ्या-खुरकुताचं 'लीडर' प्रथिन आणि संगणक : पार्श्वभूमी

सांगलीच्या आटपाडी-खानापूर पट्ट्यात लाळ्या-खुरकूत शिरला की गोठा लांबूनच कळतो. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेवरचे फोड फुटून साल निघते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. वैरण पुढ्यात असून जनावर तोंड लावत नाही. मोठं जनावर सहसा दगावत नाही, पण खिलार बैल कामातून जातो आणि गाईचं दूध आटतं. लहान वासरं मात्र हृदयावर घाला येऊन एकाएकी जातात.

प्राण्यांच्या विषाणूचा पहिला पुरावा याच रोगाने दिला. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं, की फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं तरी रोग होतोच.

शरीर या विषाणूला वेळेवर का अडवत नाही, हे कळायला पुढे जवळपास शतक गेलं. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना इंटरफेरॉन सापडलं. विषाणू शिरलेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू घाव घालतो तो इथेच. त्याचं 'लीडर' प्रथिन तयार होताच विषाणूच्या प्रथिनांच्या सलग साखळीतून स्वतःला कापून मोकळं करतं आणि कात्रीसारखं पेशीच्या ईआयएफ-४जी या प्रथिनावर चालतं. पेशीला स्वतःचे आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचे निरोप, वाचायला ते प्रथिन अख्खं लागतं, विषाणूचं काम मात्र तुटक्या तुकड्यावरही भागतं. त्यामुळे इंटरफेरॉनचा हुकूम निघतो, पण त्याची अंमलबजावणी होत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत लीडर काढून टाकलेला विषाणू गुरांना दिला, तेव्हा तो फारसा पसरलाच नाही. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग मला हाच वाटतो.

असं प्रथिन हलतं कसं, हे संगणकात पाहण्याचा धागाही १९५७ चाच. ॲल्डर आणि वेनराइट यांनी त्या वर्षी कठीण गोळ्यांच्या टकरी गणिताने मांडल्या. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ आरगॉन अणूंचा द्रव संगणकात हलवून दाखवला. १९७७ मध्ये पहिलं प्रथिन हललं, तेही पाण्याशिवाय आणि जेमतेम ९.२ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या नऊपट.

लीडरचा आकार क्ष-किरणांनी १९९८ मध्ये उलगडला. स्फटिकात एका रेणूची शेपटी शेजारच्या रेणूच्या कापणाऱ्या खाचेत बसलेली दिसली. पण ती शेपटी किती वळवळते, खाच कधी उघडते, हे स्थिर चित्रात दिसणार कसं? तिथे सिम्युलेशन, म्हणजे संगणकातली नक्कल, लागतं : प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, एक-दोन फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पुढे सरकायचं, पुन्हा बल काढायचं. प्रत्यक्ष कापणं म्हणजे बंध तुटणं. साध्या सिम्युलेशनमध्ये ते बसत नाही. त्यासाठी पुंजभौतिकी, म्हणजे इलेक्ट्रॉनचं गणित, जोडावी लागते. ही जोडणी वॉर्शेल आणि लेविट यांनी १९७६ मध्ये केली. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्प्लस यांच्याबरोबर मिळालं.

सप्टेंबर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गुरांना सहा महिन्यांनी लस टोचतात. ती ओ, ए आणि एशिया-१ या प्रकारांवर आहे, आणि ती टोचून घेतलीच पाहिजे. पण लस अंगी लागायला दिवस जातात, आणि विषाणूचं बाह्य कवच बदलत राहतं. लीडरची कापणारी खाच तशी सहजासहजी बदलू शकत नाही, कारण ती बदलली तर कापणंच थांबेल. खाचेत अडकून बसेल असा रेणू शोधायचा, तर आधी ती हलताना पाहायला हवी. असं औषध अजून गोठ्यापर्यंत आलेलं नाही. गळीत हंगामात वाळव्याच्या कारखान्यांवर बैलगाड्यांचे तळ पडतात, गावोगावची जनावरं एका हौदावर पाणी पितात, तेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त असते.