कुंडी लहान झालीय, की साल कुजलीय?

पाऊस तोंडावर आला की खानदेशातल्या गच्च्यांवरून, गॅलऱ्यांमधून एक वाक्य हमखास कानावर येतं: "मुया बाहेर उन्यात, कुंडी धाकली पडनी." म्हणजे मुळं बाहेर आली, कुंडी लहान पडली. विषय असतो मिनी ऑर्किडचा. अडीच-तीन इंची पारदर्शक कुंडी, तिच्यात मातीऐवजी झाडाच्या सालीचे तुकडे, वीतभर दांडा, नाजूक फुलं. नर्सरीत मिनी फॅलेनॉप्सिस म्हणून मिळतं ते. वाक्य संपेपर्यंत आठ इंची कुंडी, काळी माती आणि गांडूळखत तयारही झालेलं असतं. पुढचं ठरलेलं. पानं लोळतात, मधला कोंब जरा ओढला की हातात येतो, आणि घरात निकाल लागतो की आपल्याकडच्या उन्हात ऑर्किड जगतच नाही. ऊन बिचारं फुकट बदनाम.

कुंडी अपुरी पडणं वेगळं आणि कुंडीतली साल कुजणं वेगळं. पहिल्यावर इलाज मोठी कुंडी. दुसऱ्यावर इलाज नवी साल, आणि कुंडी बहुतेक वेळा तीच. मिनी ऑर्किडला होतं ते जवळजवळ नेहमी दुसरं, आणि आपण इलाज करतो पहिल्याचा.

मोगरा, जास्वंद, गुलाबाचं तुम्हाला सांगायला नको. तळाच्या भोकातून मुळं डोकावली, घातलेलं पाणी भर्रकन खाली निघून जायला लागलं, की एक माप मोठी कुंडी, माती, शेणखत, चार दिवस सावली. हे सगळं बरोबरच आहे, फक्त ते मातीत वाढणाऱ्या झाडांचं आहे.

फॅलेनॉप्सिस मातीत वाढतच नाही. ते आशियाच्या दमट जंगलांत झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतं. मिनी जातींपैकी बऱ्याच जणींच्या वंशात फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस आहे, ते फिलिपिन्स आणि तैवानकडचं. पण इतक्या लांब जायचीही गरज नाही. सातपुड्यात जुन्या झाडांच्या खोडाला चिकटलेली आमरी, म्हणजे आपल्याकडचं रानटी ऑर्किड, दिसते, तिची मुळं बघा. काही सालीला घट्ट धरून असतात, काही सरळ हवेत लोंबत असतात. (तिला बांडगूळ म्हणणारे भेटले की माझं डोकं फिरतं. बांडगूळ फांदीत घुसून तिचा रस पितं. आमरी नुसती बसायला जागा घेते, यजमानाचं काही खात नाही.) तर हवेत मूळ सोडणं हा या झाडांचा स्वभावच आहे. तुमच्या मिनीची दोन-चार मुळं काठावरून बाहेर आली असतील, चंदेरी असतील, टोकाला हिरवी असतील, तर झाड मजेत आहे. त्याला हात लावू नका. ती मुळं वाकवून आत कोंबूही नका. हवेला सरावलेलं मूळ ओल्या सालीत दाबलं की बऱ्याचदा कुजतं.

आणि मिनी म्हणजे मोठ्या ऑर्किडचं पिल्लू नव्हे. ते पूर्ण वाढलेलं झाड आहे, एवढंच राहणार. मोठ्या कुंडीत टाकून ते मोठं होत नाही.

आता खरा मुद्दा. ऑर्किडच्या मुळावर व्हेलामेन नावाचा स्पंजासारखा थर असतो. तो पाणी झटकन शोषून घेतो आणि त्यानंतर त्याला हवा लागते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर या मुळांना कायम वाफसा हवा. ताज्या सालीच्या तुकड्यांमध्ये मोकळ्या फटी असतात, त्यामुळे पाणी निघून जातं आणि ओल व हवा दोन्ही राहतात. साल मात्र कायम टिकत नाही. साधारण दीड-दोन वर्षांत तिचा भुगा व्हायला लागतो. मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, लावलेलं असेल तर वर्षभरातच ते दबून चिखल होतं. फटी बुजतात, पाणी अडतं, आतली मुळं गुदमरून कुजतात. कुंडी अडीच इंची असो की आठ इंची, हेच होणार. उलट मोठ्या कुंडीत मधला भाग वाळायला आणखी वेळ लागतो, म्हणून कूज लवकर. आणि कपाशीची काळी माती? तिची सगळी ख्यातीच पाणी धरून ठेवण्याची. कपाशीला ते वरदान, ऑर्किडला फाशी.

साल कुजलीय हे ओळखायला झाड उपटावं लागत नाही. पाणी दिल्यावर कुंडी हातात धरून बघायची सवय लावा. पूर्वी तीन-चार दिवसांत हलकी व्हायची ती आता आठवडा झाला तरी जड लागते, तर आत पाणी अडलंय. नाकाशी धरा. चांगल्या सालीला ओल्या लाकडाचा वास येतो, कुजलेलीला तुंबलेल्या गटारीसारखा आंबट. बोटाने वरचा तुकडा दाबला आणि तो चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुटला, तर प्रश्नच मिटला. झाड हलवल्यावर कुंडीत डगमगत असेल, तर आत धरून ठेवायला मुळंच उरलेली नाहीत.

एका खुणेवर मात्र भले भले फसतात: सुरकुतलेली, मऊ पडलेली पानं. तहानेनेही पानं अशीच होतात आणि मुळं कुजल्यानेही अगदी अशीच होतात. कारण दोन्हीकडे पानाला पाणी पोचत नाही. एकात कुंडीत पाणीच नसतं, दुसऱ्यात पाणी असतं पण प्यायला मुळं नसतात. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 43-44 अंशांवर गेला की सुरकुतलेलं पान बघून कुणाचाही हात तांब्याकडेच जातो. मुळं कुजलेली असतील तर प्रत्येक तांब्या झाडाला आणखी खाली ढकलतो. म्हणून पान नका बघू, कुंडीच्या बाजूने आत बघा. आतली मुळं चंदेरी, साल कोरडी, कुंडी पिसासारखी हलकी: तहान आहे, कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि नीट निथळू द्या. पानं लगेच नाही, हळूहळू भरतात. आतली मुळं तपकिरी, चपटी आणि साल ओलीचिंब: कूज आहे. पाणी बंद, साल बदला. पारदर्शक कुंडीचा माझा आग्रह याचसाठी. बिनभोकाच्या, सोनेरी काठाच्या चिनीमातीच्या कुंडीत हे काहीच दिसत नाही आणि तळाशी डबकं साचतं ते वेगळंच. भेट म्हणून तसलं काही आलं तर त्यात पेनं ठेवा.

साल कधी बदलायची, याला आपल्याकडे पुस्तकी उत्तर चालत नाही. "फुलं गळल्यावर, वसंतात" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपला वसंत म्हणजे होळीनंतरची लाही. मुळं कापलेलं झाड त्या कोरड्या वाऱ्यात ठेवलं तर पानातून जाणाऱ्या पाण्याची भरपाई करणार कोण? थंडीत रात्री गार झाल्या की फॅलेनॉप्सिस दांडा काढतं, फुलं उन्हाळ्यापर्यंत टिकतात. ती गळू द्या, उन्हाळा तसाच सावलीत काढा आणि जूनमध्ये पाऊस नीट बसला की साल बदला. हवेत दमटपणा असतो, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसायला लागलेली असतात, जखमा भरतात. ऑगस्टपर्यंत वेळ आहे, सप्टेंबरही चालेल. डिसेंबर-जानेवारीत नको, थंडीत मुळांची वाढ मंदावते आणि नव्या सालीत झाड नुसतं बसून राहतं. अपवाद एकच: कूज लागलेली असेल तर मुहूर्त बघायचा नाही. मे असो, फुलावर असो, लगेच काढा आणि दांडा कापून टाका. फुलांचा मोह धरला तर झाडही जातं.

करायचं काय ते सोपं आहे. नवी साल आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोरडी साल पाणी झटकून टाकते. मिनीसाठी तुकडे बारीक, हरभऱ्यापासून फार तर शेंगदाण्याएवढे. त्यात थोडा लाकडी कोळसा. नारळाच्या सोडणाचे तुकडे घालणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यात मीठ असतं. आपल्या कोरड्या हवेत मूठभर मॉस मिसळलं तर मला चालतं, पण नुसतं मॉस नको.

झाड काढायच्या आधी कुंडी थोडी भिजवा, म्हणजे चिकटलेली मुळं सुटतात. बाहेर आलं की मुळांच्या मधोमध बघा, एक घट्ट गोळा सापडेल, मॉसचा किंवा नारळाच्या भुशाचा. नर्सरीत रोप लहान असताना त्यात लावलेलं असतं. टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्यांना हा गोळा चांगला ओळखीचा आहे, आणि तिथेच ते चुकतात. केळीचं रोप पिशवी फाडून गोळ्यासकट, मूळ न दुखवता जमिनीत जातं. ऑर्किडचा गोळा मात्र काढायचाच. बाहेरची साल खडखडीत वाळली तरी तो ओला राहतो आणि कूज बहुधा तिथूनच सुरू होते. घाई न करता, नळाच्या बारीक धारेखाली, चिमट्याने सोडवा.

मग कात्री. पाती गॅसवर धरून तापवा, गार होऊ द्या. कापायचं ते रंग बघून नाही, दाबून. मॉसमध्ये राहिलेलं मूळ पिवळट-तपकिरी असलं तरी टणक असेल तर जिवंत आहे. त्याला फक्त उजेड मिळालेला नव्हता. मेलेलं मूळ दोन बोटांत चपटं होतं, पाणी सोडतं, आणि ओढलं की वरचा थर मोज्यासारखा निघून आत एक दोरा राहतो. तो दोरा दिसला की कापा. कोरडं, पांढरं मूळ मेलेलं समजून कापणारे बरेच आहेत. ते आधी वीस मिनिटं भिजवा. हिरवट झालं, फुगलं, तर ठेवा.

दालचिनीची पूड हे एक नवीन खूळ आहे. कापलेल्या टोकाला चिमूटभर लावली तर ठीक, पण सगळ्या मुळांवर भुरभुरली की ती मुळांना सुकवते. मी काहीच लावत नाही, झाड दुपारभर सावलीत उघडं ठेवते.

उरलेली जिवंत मुळं ज्या कुंडीत जेमतेम मावतील तीच कुंडी. बहुतेकदा जुनीच निघते, धुऊन घ्या. कूज जास्त असेल तर एक माप लहान. मुळं खरंच मावत नसतील तेव्हाच अर्धा-एक इंच मोठी. खालची पानं गळून बुंधा वर आला असेल तर झाड तेवढं खाली बसवा, पण पानांचा बेचका सालीच्या वर राहिला पाहिजे. साल काडीने हलकेच सरकवा, दाबून ठासू नका. मुळं कापली असतील तर चार-पाच दिवस पाणी नाही, सकाळी मुळांवर नुसता फवारा.

पाणी पावसाचं मिळालं तर सोनं. बोअरचं पाणी जड असेल तर सालीवर पांढरा थर धरतो, तो मधूनमधून भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढा. आरओच्या दुसऱ्या नळीतून येणारं पाणी वाया जातं म्हणून ऑर्किडला घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेल्या पाण्याचंही तेच.

मिनी डेंड्रोबियम असेल, म्हणजे उसासारख्या कांड्या असलेलं, तर साल, कोळसा, कात्री सगळं हेच. फरक दोनच. त्याला कुंडी आणखी घट्ट आवडते, आणि साल बदलायची ती नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांची टोकं दिसली की. जुन्या, पानं गळलेल्या कांड्या कापायच्या नाहीत. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, आणि त्यांतल्या काहींना पुढच्या वर्षी फुलंही येतात.