लाईन गेली तेव्हा सेव्ह कुठवर आला होता?

दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी सुरू झालं की आमच्याकडे व्होल्टेज कोसळतं. शेतात मोटारी चालू आणि घरात पंखा रेंगाळलेला. मृगाच्या तोंडावर तऱ्हा वेगळी: वादळात तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज जातो आणि लाईन कधी येईल ते वायरमनलाच ठाऊक. अशा विजेवर दर्यापूर-अचलपूरकडच्या खेड्यांत पोरं आज स्कायरिम, विचर, सायबरपंक असे लांबलचक कॉम्प्युटर गेम खेळतात. संगणक बहुधा अमरावतीहून किंवा नागपूरहून आणलेला, जुना. एकाच पात्राचा शंभर-दीडशे तासांचा प्रवास, आणि तो सगळा मावतो काही एमबीच्या एका फाईलमध्ये, तिलाच ‘सेव्ह’ म्हणतात. ती फाईल उडाली की पोरगं दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मला त्याचं हे दुःख अगदी खरं वाटतं.

त्याला सल्ला मिळतो तो एकच: ‘सेव्ह करत जा.’ तो अपुरा आहे. एकाच फाईलवर वारंवार सेव्ह करणाऱ्याला क्वचित सेव्ह करणाऱ्यापेक्षा जास्त धोका असू शकतो. हे का, ते समजायला आधी त्या फाईलमध्ये काय असतं ते पाहू.

पुष्कळांची समजूत अशी की सेव्ह म्हणजे खेळाच्या जगाचा फोटो. तसं नसतं. २०११ साली आलेल्या स्कायरिमला डिस्कवर सुमारे ६ जीबी जागा लागायची, तर त्याचा सेव्ह काही एमबीचा. मूळ जग खेळाच्या डेटात कायमचं असतं. सेव्हमध्ये त्यावरचे फक्त बदल उतरतात. तलाठ्याच्या दप्तरात दर वेळी आख्ख्या गावाची मोजणी होत नाही, फेरफाराची नोंद पडते, तसंच. तुम्ही टेबलावरचा पेला ढकलला, नोंद पडली. लांडगा मारला, पेटीतली सोन्याची नाणी उचलली, गावकऱ्याशी भांडलात, प्रत्येकाची नोंद. यात आणखी एक गोष्ट असते, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: त्या क्षणी चालू असलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे खेळातले प्रसंग घडवणाऱ्या सूचना. एखादा प्रसंग अर्ध्यावर असेल तर तो नेमका कुठे थांबलाय हेही फाईलमध्ये जातं.

नोंदी वाढत गेल्या की काय होतं ते प्लेस्टेशन ३ या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर स्कायरिम खेळणाऱ्यांनी सोसलं. खेळ लांबला, सेव्ह फुगला आणि चित्र अडखळत चालू लागलं. फॉलआऊट: न्यू वेगासचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी त्याच घराण्याच्या इंजिनबद्दल, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामबद्दल, सांगितलं होतं की पात्र जितकं जास्त खेळाल तितके वस्तूंमधले, माणसांमधले, पेट्यांमधले बदल साठतात आणि ते मेमरीत वाहावे लागतात. प्लेस्टेशन ३ मध्ये मुख्य मेमरी होती २५६ एमबी आणि चित्रांसाठी वेगळी २५६ एमबी. एकीकडची दुसरीकडे सहज वापरता येत नव्हती. पुढच्या पॅचनी, म्हणजे कंपनीच्या दुरुस्त्यांनी, त्रास कमी केला.

म्हणूनच असे खेळ जुन्या नोंदी झाडूनही टाकतात. स्कायरिममध्ये बहुतेक गुहा आणि किल्ले खेळातल्या १० दिवसांनी पूर्ववत होतात, तुम्ही पूर्ण साफ केलेले असतील तर ३० दिवसांनी. तिथल्या पेटीत ठेवलेलं सामान तेव्हा जातं. ‘माझा सेव्ह बिघडला, तलवार गायब झाली’ ही तक्रार पुष्कळदा इथली असते. सेव्ह ठणठणीत असतो, पेटी चुकीच्या जागेची निवडलेली असते. स्वतःचं घर घ्या आणि सामान तिथे ठेवा.

सायबरपंक २०७७ ची गोष्ट याहून कठोर. डिसेंबर २०२० मध्ये तो आला आणि थोड्याच दिवसांत कळलं की संगणकावर सेव्ह ८ एमबीच्या वर गेला की फाईल खराब होते, ती पुन्हा उघडत नाही. सामान आणि कच्चा माल गोळा करत सुटलेले खेळाडू त्या रेषेपर्यंत पोचले होते. कंपनीने आधी सामान कमी बाळगायला सांगितलं आणि त्याच महिन्यात १.०६ या दुरुस्तीने मर्यादा काढली. पण आधी बिघडलेल्या फाईली त्याने परत आल्या नाहीत. ज्यांनी काही तासांपूर्वीचा वेगळा सेव्ह ठेवला होता, त्यांचे तेवढेच तास गेले.

आता लिहिण्याची क्रिया. पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह फिरतं आणि थांबतं, आपल्याला वाटतं झालं. खेळाने डेटा दिला खरा, पण ऑपरेटिंग सिस्टीम तो लगेच डिस्कवर टाकेलच असं नाही. वेग टिकवायला ती आधी मेमरीत साठवते आणि सवडीने, काही सेकंदांत, डिस्कवर उतरवते. डिस्कची स्वतःची तात्पुरती मेमरी वेगळीच. या मधल्या काळात लाईन गेली तर? विंडोजची एनटीएफएस फाईलव्यवस्था हिशेबवही ठेवते, त्यामुळे फाईलचं नाव, जागा, आकार हे बहुधा वाचतं. आतल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. म्हणून कधी कधी विचित्र दृश्य दिसतं: फाईल जागेवर, आकार बरोबर, आणि आत नुसती शून्यं.

नीट लिहिलेला प्रोग्राम यावर युक्ती वापरतो. जुन्या फाईलला हात न लावता शेजारी नवी लिहायची, ती डिस्कवर उतरवायला भाग पाडायचं आणि मग एका झटक्यात नावं बदलायची. कुठल्याही क्षणी वीज गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी अखंड राहते. सगळे खेळ हे करत नाहीत, आणि कुठला करतो ते बाहेरून कळत नाही. तेव्हा ते काम आपल्या हाताने करायचं: सेव्हच्या पडद्यावर जुन्या नोंदीवर न टेकता ‘नवा सेव्ह’ निवडायचा. माझ्या मते या लेखातून एकच सवय उचलायची झाली तर ती ही.

वीज जाताना लिहिणं धोक्याचं, हे खेळांच्या जगाला फार आधीपासून माहीत आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्या झेल्डा या खेळाचं जे काडतूस (खेळयंत्रात खुपसायची डबी) आलं, त्यात सेव्ह टिकवायला बटणासारखा एक सेल बसवलेला होता, आणि सूचना असायची: रिसेट दाबून धरा, मगच पॉवर बंद करा. व्होल्टेज उतरताना प्रोसेसर भरकटून मेमरीत काहीबाही लिहू शकतो. रिसेट दाबलेलं असलं की तो गप्प बसतो. एवढंच त्यामागचं विज्ञान.

आपल्या संगणकाच्या डब्यातला पॉवर सप्लायही या क्षणासाठी थोडी ऊर्जा कपॅसिटरमध्ये राखून ठेवतो. पूर्ण भारावर ती साधारण १६ मिलिसेकंद पुरते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनसुद्धा नाही. शिवाय कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी १७० व्होल्ट येत असतील, तर स्वस्तातल्या साध्या सप्लायमध्ये ती जवळजवळ निम्म्यावर येते. हरभऱ्याच्या हंगामात दिवे नुसते मिचकले आणि संगणक बंद पडला, याचं कारण हे.

‘घरी इन्व्हर्टर आहे की!’ आहे, पण त्याचं बटण पाहा. बहुतेक इन्व्हर्टरवर एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. यूपीएसवर तो दहा-पंधरा मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, नॉर्मलवर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतो. अडचण अशी की यूपीएसवर ठेवला तर १८० व्होल्टच्या आसपासच तो बॅटरीकडे वळतो, गावात दिवसभर बॅटरी खातो, म्हणून घरातलं मोठं माणूस बटण नॉर्मलवर टाकून देतं. त्यांचं बरोबरच आहे. रात्री पंखा चालायला हवा. अशा घरात संगणकापुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा घ्यावा. असे यूपीएस १४०-१५० व्होल्टपर्यंत स्वतःच व्होल्टेज वर उचलतात, आणि लाईन गेलीच तर सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्याइतकी मिनिटं हातात देतात. खेळत राहण्यासाठी ती मिनिटं नसतात.

सेव्ह कधी करायचा, तेही महत्त्वाचं. विचर ३ आणि सायबरपंक लढाईच्या मध्यात सेव्ह करूच देत नाहीत. स्कायरिम करू देतो. पण तेव्हा बाण हवेत असतो, माणसं धावत असतात, पाच-पन्नास स्क्रिप्ट अर्ध्यावर असतात आणि उघडताना हे सगळं जसंच्या तसं परत जोडावं लागतं. नव्या जागेत आत शिरून चार क्षण थांबावं, आसपास शांत असलं की सेव्ह करावा. दार ओलांडताना खेळ स्वतःच ऑटोसेव्ह करतो, तो चालू असताना एफ५ (क्विकसेव्हचं, म्हणजे झटपट सेव्हचं बटण) दाबू नये.

ऑटोसेव्हवर विसंबूही नये. स्कायरिम तीनच ठेवतो, फिरत्या क्रमाने. क्विकसेव्ह तर एकच. तीन दारं ओलांडली की मागचं सगळं पुसलं गेलं. एखादी मोहीम अडकल्याचं पाच तासांनी ध्यानात आलं तर तिन्ही ऑटोसेव्ह अडकण्याच्या पुढचेच असतात. मोठ्या संगणक केंद्रांत टेपच्या काळापासून आजोबा-बाप-लेक अशी पद्धत आहे: एक प्रत आजची, एक आठवड्याची, एक महिन्याची. इथेही तेच. एक सेव्ह आत्ताचा, एक आज खेळायला बसलो तेव्हाचा, आणि प्रत्येक मोठ्या मोहिमेआधीचा एक, जो कधीच पुसायचा नाही.

मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेले खेळातले बदल, घालणाऱ्यांनी नवा मॉड टाकण्याआधी हमखास वेगळा सेव्ह करावा. स्कायरिममध्ये मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये जाऊन बसतात. मॉड काढला तरी त्यांच्या खुणा मागे राहतात. मॉड नकोसा झाला तर तो घालण्याआधीच्या सेव्हवर परतणं हाच सरळ मार्ग.

क्लाऊड, म्हणजे इंटरनेटवरची प्रत, असला की निर्धास्त, असंही नाही. क्लाऊड फाईल जशी आहे तशी वर नेतो. ती खराब असली तर खराबच. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चढवणं अर्धवट राहिलं की पुढच्या वेळी स्टीम (खेळ विकत घेऊन चालवायचा प्रोग्राम) विचारतो: इथली फाईल ठेवू की क्लाऊडमधली? उत्तर देण्याआधी इथल्या फोल्डरची प्रत दुसरीकडे करून घ्या. नंतर फाईलवरची वेळ पाहून निवडा. पण वेळ खरी असेल तरच. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर २०३२ नंबरचा सेल असतो, झेल्डाच्या काडतुसात असायचा तोच. तो संपला की प्रत्येक वेळी लाईन गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि इंटरनेट नसेल तर मागेच राहतं. आजचा सेव्ह जुना दिसतो, कालचा नवा. ‘कंटिन्यू’ दाबलं की भलताच उघडतो, आणि पोरगं त्यावरच पुढे खेळत बसतं. हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

राहिला ‘फॉरमॅट मारणे’ हा प्रकार. संगणक संथ झाला की तालुक्याला नेतात, दुकानदार विचारतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही कामाचं आहे का?’ पोरगं सांगतं, ‘नाही, गेम डीमध्ये आहे.’ गेम डीमध्ये असतो, सेव्ह नाही. स्कायरिमचे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये असतात, सायबरपंकचे सेव्ह्ड गेम्समध्ये, आणि ही दोन्ही फोल्डरं सहसा सीमध्येच. दुकानात जाण्याआधी ती पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह रीतसर इजेक्ट करून काढा, आणि जमलं तर मित्राच्या संगणकावर त्यातला एक सेव्ह उघडून बघा. पात्र उभं राहिलं, सामान दिसलं, दोन पावलं चाललं, की खुशाल फॉरमॅट मारू द्या.